गॅलरीत टोमॅटो की दुधी? आधी फूल बघा

पुण्यात बाणेर-हिंजवडीकडे दहाव्या-बाराव्या मजल्यावर राहणारे हमखास विचारतात, ऊन आहे, दोन मोठ्या कुंड्या आहेत, टोमॅटो लावू की दुधी? माती-खताचं नंतर बघू. आधी दोघांच्या फुलांत डोकवा.

टोमॅटोच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. पुंकेसरांची पिवळी नळी झालेली असते आणि कुक्षी, म्हणजे स्त्रीकेसराचं पराग झेलणारं टोक, तिच्या आतच असते. फूल हललं की पराग आतल्या आत पडतो. उंचावर वाऱ्याला तोटा नाही. काचेआड कुंडी असेल तर सकाळी देठाला टिचकी मारा. अडचण आहे ती उन्हाची. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा 38-40 अंशांवर गेला की पराग निकामी होतो, फुलं गळतात. म्हणून रोपं गणपती झाले की लगेच लावा, कारण कडाक्याच्या थंडीतही फळ कमी धरतं.

दुधीच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी. बहुधा आधी नर फुलंच येतात आणि गळून जातात. घाबरून खत ओतू नका. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली बोटाच्या पेराएवढा, लवदार दुधी आधीच असतो. नराखाली नुसता लांब देठ. पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, पराग वाहून नेणाऱ्या पतंग-कीटकांसाठी. ते एवढ्या वर आले नाहीत तर तो इवला दुधी पिवळा पडून गळतो.

मग दिवेलागणीला नर फूल खुडायचं, पाकळ्या काढायच्या आणि परागाने माखलेला मधला गोंडा मादीच्या कुक्षीवर सगळीकडून हलकेच फिरवायचा. घाई करू नका. एकेका बीला एकेक परागकण लागतो. तो कुक्षीवर रुजतो, त्याची नलिका अंडाशयात, म्हणजे त्या इवल्या दुधीत, पुढे बी होणाऱ्या बीजांडापर्यंत उतरते, तेव्हा कुठे बी धरतं. जिथे बी धरतं, तिथलाच गर नीट फुगतो. एका टोकाला बारीक राहिलेला दुधी दिसला की बऱ्याचदा पराग कमी पडलेला असतो.

हा खटाटोप नकोच असेल तर काकडीचे परागाशिवाय फळ धरणारे, बिनबियांचे वाण मिळतात, तेही चालतील.

ऑफिसातून रात्री आठला परतणाऱ्यांनी टोमॅटोच लावावा. संध्याकाळी घरात आजी-आजोबा किंवा शाळेतून आलेली मुलं असतील तर मी दुधीच सुचवेन. मांडव बांधायची जागा मात्र हवी. जूनमध्ये बी टोचा आणि पहिलं मादी फूल दिसलं की मुलांनाच बोलवा.