उजेडावरचं घड्याळ, सनकोट आणि चिपळूणचा पाऊस

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. कॅश काउंटरवर नोटा मोजत बसले होते. सहज मनगटाकडे लक्ष गेलं तर सेकंदकाटा लंगडत होता. क्षणभर ठप्प, मग एकदम दोन घरांची उडी. परत ठप्प, परत उडी. फेब्रुवारीत साडेनऊ हजार मोजून घेतलेलं घड्याळ सहा महिन्यांत गेलं म्हणून पोटात गोळाच आला. काचेपलीकडचे आजोबा "मॅडम, पाचशेच्या किती झाल्या?" विचारत राहिले आणि मला ते बंडल पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं.

घड्याळ बिघडलं नव्हतं, उपाशी होतं. हे कळायला मला तीन दिवस लागले. पण आधी ते घेतलं कशासाठी, ते सांगते.

याआधीचं साधं सेलचं होतं. दर दोन वर्षांनी सेल, शंभर-दीडशे रुपये, पाच मिनिटांचं काम. शेवटच्या खेपेला दुकानदाराने मागचं झाकण अंगठ्याने दाबून बसवलं. आतली रबरी रिंग नीट बसली नाही हे त्यालाही कळलं नाही आणि मलाही. जूनच्या पहिल्याच सरीत स्कूटीवरून घरी आले तर काचेच्या आतून दव. चिपळूणच्या पावसात घड्याळाच्या पोटात पाणी शिरलं की पुढे काय होतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. तेव्हाच ठरवलं, पुढचं घड्याळ असं घ्यायचं की झाकण उघडायची वेळ वर्षानुवर्षं येऊ नये.

सिटिझन, सेको, कॅसिओ, तिघांचीही उजेडावर चालणारी घड्याळं मिळतात. माझं कुठल्या कंपनीचं ते मुद्दाम लिहीत नाही, कारण जे सांगायचंय ते या सगळ्या जातीलाच लागू आहे. तीन काटे, तारखेची खिडकी, गडद निळी डायल, ३७ मिलिमीटरचं पुरुषी घड्याळ. बायकांची म्हणून दाखवलेली सगळी नखाएवढी होती. त्यातले आकडे चष्म्याशिवाय दिसत नाहीत, शिवाय डायल लहान म्हणजे उजेड धरायला जागाही तेवढीच.

आत काय असतं? बँकेतल्या कॅल्क्युलेटरच्या डोक्यावर तपकिरी-काळी पट्टी असते ना, तसलीच चकती इथे डायलखाली लपवलेली असते. डायल दिसते गडद, पण थोडा उजेड आत झिरपू देते. त्यातून वीज तयार होते आणि पुन्हा पुन्हा चार्ज होणाऱ्या एका छोट्या सेलमध्ये साठते. पुढचं सगळं नेहमीच्या सेलवरच्या (क्वार्ट्झ) घड्याळासारखं, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा स्फटिक आणि त्याच्या तालावर चालणारे काटे. १९७६ साली सिटिझनने काट्यांचं असं घड्याळ पहिल्यांदा काढलं तेव्हा त्या पट्ट्या डायलवर उघड्याच दिसायच्या. माझ्या घड्याळात अगदी डोळ्याजवळ धरलं तरी काही दिसत नाही.

हे बाबांना सांगितलं तर म्हणाले, "सिटिझन म्हणजे आपल्या एचएमटीचे गुरू." खरंच आहे. १९६१ साली एचएमटीने बंगळूरला घड्याळं करायला घेतली ती सिटिझनच्या सहकार्यानेच. बाबांचं एचएमटी 'जनता' अजून रोज सकाळी चहाच्या आधी किल्ली मागतं. २२ जुलै २०२१च्या पुरात ते कपाटासकट पाण्याखाली होतं. गाळ काढून, सुटं करून, धुऊनपुसून परत जोडलं, आणि चालतंय. दिवसाला तीन-चार मिनिटं पुढे पळतं एवढंच. माझं घड्याळ त्या पुरात असतं तर आज चाललं असतं असं छातीठोकपणे मी सांगणार नाही.

आता माझी चूक. उजेडावर चालतं म्हटल्यावर मी गृहीत धरलं की कोकणात काय, उजेडाला तोटा नाही! त्याच्याकडे बघितलंच नाही. मार्च ते मे स्कूटीवर सनकोट, बाह्या पार बोटांपर्यंत. बाहेर ऊन भाजून काढतंय आणि घड्याळ सुती कापडाच्या अंधारात. बँकेत एसीचा झोत नेमका माझ्या डोक्यावर, म्हणून पूर्ण बाह्यांचा स्वेटर. जूनपासून रेनकोट. रात्री घड्याळ काढून लाकडी कपाटाच्या खणात. थोडक्यात, सहा महिने आवक शून्य आणि जावक रोजची. दुकानात जो काही चार्ज भरलेला होता, त्या मुद्दलावर बिचारं जगत होतं. पूर्ण भरलं की अंधारातही साधारण सहा महिने चालतं असं पुस्तिकेत लिहिलंय, आणि ते खरं असल्याचा दाखला मी नकळत मिळवून दिला.

दोन-दोन सेकंदांची उडी हा त्याचा इशारा असतो. साठा संपत आलाय, बघ माझ्याकडे. वेळ तोवर बरोबरच दाखवतं, पण काहीच दिवस. हे माहीत नसल्यामुळे मी ते घेऊन थेट दुकानात गेले. कारागिराने एक नजर टाकून सांगितलं, "सेल गेलाय ताई. दहा मिनिटं बसा, बदलून देतो." म्हटलं, हे सोलर आहे. "सोलरला पण सेल असतोच की!" त्याचं म्हणणं अर्धं खरं होतं, म्हणूनच जास्त धोक्याचं. सेल असतो, पण चार्ज होणारा. त्याच्या जागी साधा सेल बसवला तर डायलखालची चकती त्यालाही चार्ज करायला जाणार, आणि तो फुटू किंवा गळू शकतो. पुस्तिकेत हे ठळक अक्षरांत बजावलेलं आहे. नशीब, त्याची जेवायची वेळ झाली होती. "चारला या" म्हणाला. मी गेले नाही. घरी येऊन खोक्यातली मुंगीच्या पायांसारख्या अक्षरांची पुस्तिका काढली आणि पहिल्यांदा धड वाचली.

तिच्यातलं एक कोष्टक विकत घ्यायच्या आधीच बघायला हवं होतं. एक दिवस चालण्याइतकी भर पडायला लख्ख उन्हात दोन-तीन मिनिटं पुरतात. ढगाळ आभाळाखाली बारा मिनिटांच्या आसपास. खोलीतल्या साध्या दिव्याखाली मात्र सुमारे चार तास. हा फरक इतका मोठा असेल असं डोळ्यांना कधी वाटत नाही, कारण डोळे जुळवून घेतात. मी फोनवर उजेड मोजायचं एक फुकट ॲप टाकलं आणि दोन दिवस वेड लागल्यासारखी घरभर हिंडले. माजघरात भर दुपारी ४० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप). माझ्या काउंटरवर २८०. पडवीच्या कठड्यावर, बाहेर पाऊस कोसळत असताना, साडेतीन हजार! लग्नाला अठरा वर्षं झाली या घरात, पण माजघर आणि पडवी यांच्यात उजेडाचा एवढा फरक आहे हे तेव्हा कळलं. सनकोटाची बाही वर ओढून बघितली तर आकडा एकेरीत.

ऑगस्टमध्ये चिपळूणला ऊन कुठून आणायचं? मुलाच्या अभ्यासाचा एलईडी टेबललॅम्प घेतला आणि त्याखाली एका वितीवर घड्याळ ठेवलं. दुसऱ्या संध्याकाळी काटा सरळ चालायला लागला. पाचव्या संध्याकाळी मुलाने दिवा परत मागितला. तेवढ्याने पूर्ण भरलं असेल असं नाही, दिव्याखाली पूर्ण भरायला शंभराहून जास्त तास लागतात. पण जीव धरला. जुना पिवळा बल्ब मात्र कुणी वापरू नका, जवळ ठेवलं तर भाजेल. यांनी सुचवलं होतं, "उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर टाकून ठेव, एका दुपारीत फुल्ल." तेही नाही. ६० अंशांच्या वर तापलं तर सेल खराब होऊ शकतो, आणि बंद गाडीत काचेखाली तेवढं सहज तापतं. जास्त चार्ज होण्याची मात्र भीती नाही, भरलं की ते आपलं आपण थांबतं.

तेव्हापासून बँकेतून आले की घड्याळ पडवीच्या कठड्यावर. गणपतीनंतर ऊन पडायला लागलं तसे रविवारी सकाळी तिथे सासूबाईंचे पोह्याचे पापड आणि शेजारी माझं घड्याळ. पहिल्या रविवारी त्या बघतच राहिल्या. "अगं, घड्याळ वाळत घातलंयस?" आता आवरताना तेच आधी आत आणतात.

बाकी थोडक्यात. वेळेला चोख. पुस्तिकेत महिन्याला पंधरा सेकंदांची सूट घेतलीय, माझं महिन्याला अकराने पुढे जातं. लहानपणी आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या पिप-पिपवर बाबा घड्याळ लावायचे, तसं मी दोन महिन्यांनी एकदा फोनवर लावते. पाण्याचा त्रास अजिबात झाला नाही. अख्खा पावसाळा भिजलं, काच आतून स्वच्छ. चामड्याचा पट्टा मात्र जुलैत पांढऱ्या बुरशीने भरला. चारशे रुपयांचा नायलॉनचा घातला आणि प्रश्न मिटला. कोकणात राहत असाल तर चामड्याचा पट्टा दसऱ्यापर्यंत काढूनच ठेवा. काट्यांवरचा हिरवा उजेड रात्री तास-दोन तासच टिकतो, पहाटे काही दिसत नाही. ज्याच्या नावातच उजेड आहे त्याने एवढं तरी करायला हवं होतं. आतला सेलही अमर नसतो, वर्षानुवर्षं चालला तरी कधीतरी बदलावा लागणारच. तेव्हा "आयुष्यभर काही बघायला नको" असं कुणी म्हणालं तर फार मनावर घेऊ नका.

घ्यावं का? हात उघडा ठेवून बाहेर फिरणाऱ्याने डोळे झाकून घ्यावं. दिवसभर तळघरात किंवा रात्रपाळीला असाल, पाच घड्याळं आलटूनपालटून घालत असाल, तर रोजची जागा आधी ठरवा, मग घ्या. माझ्या नणंदेने एवढं कौतुक ऐकून तसलंच घेतलं आणि ते तिच्या पर्समध्ये असतं. मी तिला कोष्टकाचा फोटो पाठवलाय.

आणि हो, एवढं शहाणं घड्याळ, पण महिना तीसचा की एकतीसचा हे त्याला कळत नाही. आज ३० नोव्हेंबर. उद्या काउंटरवर बसायच्या आधी ३१चा १ करायचाय, नाहीतर मागच्यासारखी चुकीच्या तारखेची पावती फाडून बसायची.