दोन्ही 'आय विल ऑलवेज लव्ह यू' लागोपाठ ऐकली, माझं मत डॉलीला

कित्येक वर्षं मला हे व्हिटनी ह्यूस्टनचंच गाणं वाटायचं. मूळ आहे अमेरिकन कंट्री गायिका डॉली पार्टनचं, शब्दही तिचेच, १९७४ ला आलं, आणि ते कुठल्या प्रियकरासाठी नाहीच, पोर्टर वॅगनरसाठी आहे, ज्याच्या टीव्ही शोमध्ये ती वर्षानुवर्षं गात होती आणि आता स्वतःच्या वाटेने जायचं होतं पण तो काही सोडेना, बोलून पटेना म्हणून तिने गाणं लिहिलं आणि त्याच्यासमोर जाऊन गायलं.

हे माहीत झाल्यावर परत ऐका. जेमतेम तीन मिनिटं, गिटार, मागे हलका कोरस, आवाज कुठेच ताणलेला नाही. आणि तिसरं कडवं, तुझं चांगलं होऊ दे म्हणणारं, ते ती गातच नाही, नुसतं बोलते, घरातून निघताना दारात उभं राहून बोलतात ना तसं. मला तिथे दर वेळी भरून येतं.

व्हिटनीचं १९९२ चं, 'द बॉडीगार्ड' सिनेमातलं. सुरुवातीला एकही वाद्य नाही, नुसता गळा, आणि खरं सांगते, तिचा हाच भाग मला डॉलीच्या सगळ्यात जवळचा वाटतो. मग हळूहळू वाद्यं येतात, सॅक्सोफोन येतो, तेच तिसरं कडवं ती गाते, थांबते, ड्रमचा एक ठोका, पट्टी चढते आणि पुढचं सगळ्यांना माहितीच आहे. अंगावर काटा येतोच, असा गळा परत होणे नाही. पण तोवर निरोप मागे राहिलेला असतो, समोर फक्त आवाज. स्पर्धांमध्ये मुली हे गाणं घेतात तेव्हा सगळा जीव त्या ठोक्यानंतरच्या ओळीत ओततात आणि सुरुवात उरकून टाकतात, फार वाईट वाटतं, व्हिटनीने ती उरकली नव्हती हो.

एक गोष्ट मला फार आवडते, रॉक अँड रोलचा गायक एल्विस प्रेस्लीला हे गाणं गायचं होतं पण त्याच्या मॅनेजरने अर्धे हक्क मागितले, डॉलीने रडत रडत नाही म्हटलं. म्हणून पुढे व्हिटनीचं एवढं गाजलं तेव्हा गाण्याचे हक्क डॉलीकडेच होते.

हेडफोन लावून आधी डॉली, मग व्हिटनी. शोधताना डॉलीचं 'जोलीन' अल्बममधलंच लावा, १९८२ ला तिनेच परत गायलंय ते वेगळं.