स्पॅमअसॅसिन स्लो आहे म्हणून काढून टाकणार असाल तर आधी हे वाचा

ऑफिसचा मेल सर्व्हर मी सांभाळतो, साधारण दीडशे मेलबॉक्स, पुढे पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा प्रोग्रॅम) आणि मागे स्पॅमअसॅसिन, म्हणजे प्रत्येक मेल रूल्सनी तपासून त्याला स्कोअर देणारा फिल्टर; स्कोअर ५ झाला की मेल स्पॅम. आधी ३.४ होतं, आता ४.० आहे. त्यामुळे हा रिव्ह्यू दोन दिवस वापरून लिहिलेला नाहीये, रोजच्या कामातला आहे. आणि मधे तीन आठवडे असे गेले की मीच हे काढून टाकायच्या बेतात होतो, म्हणून लिहितोय, कारण ज्याला त्याला "ते पर्लमधलं (एक जुनी प्रोग्रॅमिंग भाषा) आहे, जुनं आहे, स्लोच असणार" असं म्हणताना ऐकतो आणि माझ्या बाबतीत तरी ते साफ चुकीचं निघालं.

झालं असं की लोक सांगायला लागले, ओटीपी येतो पण एक्सपायर झाल्यावर येतो. दहा मिनिटं चालणारा ओटीपी बाराव्या मिनिटाला इनबॉक्समध्ये. सकाळी मेलक्यू, म्हणजे थांबलेल्या मेलची रांग, बघितली तर साडेतीनशे मेल ताटकळत पडलेले, आणि टॉप (सर्व्हरवरचा भार दाखवणारी कमांड) लावून बघितलं तर सीपीयू जेमतेम दहा टक्के. क्यू भरलेली आणि सीपीयू रिकामा, ही गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती, पण त्या घाईत मी सगळ्यात आधी स्पॅमडीचे (स्पॅमअसॅसिनचा सतत चालू राहणारा भाग) चाइल्ड प्रोसेस, म्हणजे एका वेळी एकेक मेल तपासणारे त्याचे कामगार, ५ वरून २० केले. माझ्याकडे एकेक चाइल्ड शंभर एमबीच्या आसपास खातो, रॅम संपली, सर्व्हर स्वॅपमध्ये गेला म्हणजे रॅमऐवजी हळू डिस्क वापरायला लागला, आगीतून फुफाट्यात. तासाभरात परत ५ वर आणलं.

मग शांतपणे लॉग वाचला. स्पॅमडी प्रत्येक मेलमागे एक ओळ लिहितो, त्यात स्कॅनटाइम, म्हणजे तो मेल तपासायला लागलेले सेकंद, असतो. माझ्याकडे तो दिसत होता १९.८, २०.३, २०.१, १९.९. दोन ओळींचा मेल असो नाहीतर लांबलचक न्यूजलेटर, सगळ्यांना वीस सेकंद! रूल्स जड असते तर मोठ्या मेलला जास्त वेळ लागला असता ना, आणि सीपीयूही तापला असता. सगळ्यांना सारखाच वेळ लागतोय म्हणजे कुणीतरी कुणाची तरी वाट बघतंय. आता हिशोब बघा, ५ चाइल्ड, प्रत्येकाला २० सेकंद, म्हणजे मिनिटाला फक्त १५ मेल. सकाळी त्यापेक्षा जास्त येतात, की क्यू वाढलीच.

एक मेल फाइलमध्ये काढून घेतला आणि तो डीबग मोडमध्ये चालवला, नंतर तोच मेल फक्त लोकल टेस्ट लावून म्हणजे नेटवर्कवरचं सगळं बंद करून चालवला. दुसऱ्या वेळी दोन सेकंदांत संपला, त्यातही बराचसा वेळ रूल्स लोड व्हायचा, जो स्पॅमडीला दर मेलला लागत नाही कारण त्याचे रूल्स मेमरीतच असतात. घोडं कुठे पेंड खातंय ते तिथे कळलं. डीएनएस, म्हणजे इंटरनेटवर नावावरून पत्ता शोधून देणारी यंत्रणा.

स्पॅमअसॅसिन प्रत्येक मेलसाठी ब्लॉकलिस्टना (स्पॅम पाठवणाऱ्यांच्या ऑनलाइन याद्या) डीएनएसवरून विचारतं, पाठवणाऱ्याचा आयपी यादीत आहे का, आतल्या लिंकचं डोमेन यादीत आहे का. हे प्रश्न ते एकदम सोडतं, एकामागून एक नाही, पण एखादं उत्तर अडलं तर डीफॉल्टनुसार १५ सेकंदांपर्यंत थांबू शकतं आणि तेवढा वेळ तो चाइल्ड अडकून पडतो. आमचा सर्व्हर एका सार्वजनिक रिझॉल्व्हरला (डीएनएसची उत्तरं शोधून आणणारा सर्व्हर) प्रश्न पाठवत होता. त्या रिझॉल्व्हरवरून जगभरातले लोक विचारतात, त्यामुळे फुकट मर्यादेच्या बाहेर गेला म्हणून ब्लॉकलिस्टवाले अशांना उत्तर देत नाहीत किंवा "ब्लॉक केलंय" एवढंच सांगतात. मेलच्या हेडरमध्ये यूआरआयबीएल_ब्लॉक्ड असं कितीतरी दिवस येत होतं, त्याचा स्कोअर जवळजवळ शून्य म्हणून माझं लक्षच गेलं नाही. तुमच्याकडे हा शब्द दिसत असेल तर बाकी काहीही करण्याआधी हे दुरुस्त करा.

उरलेले पाच सेकंद रेझरचे, म्हणजे हा मेल इतरांनी स्पॅम म्हणून कळवलाय का ते बाहेरच्या सर्व्हरला विचारणाऱ्या प्लगइनचे. प्लगइन चालू होतं आणि त्याला बाहेर जायला लागणारा २७०३ पोर्ट आमच्याच फायरवॉलमध्ये बंद होता, म्हणजे दर मेलला पाच सेकंद टाइमआउट होईपर्यंत बसून राहायचं.

त्याच मशीनवर अनबाउंड नावाचा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवला, कुणाकडे फॉरवर्ड न करता स्वतः रूटपासून शोधणारा, आणि लोकल डॉट सीएफमध्ये (स्पॅमअसॅसिनची सेटिंग फाइल) डीएनएस सर्व्हर म्हणून १२७.०.०.१, म्हणजे हेच मशीन, दिला. पोर्ट उघडला. स्कॅनटाइम दीड सेकंदावर आला. त्याच ५ चाइल्डमध्ये आता मिनिटाला दोनशे मेल जातात. आणि मला जास्त आनंद याचा झाला की याद्या आता खरंच उत्तर देतात, त्यामुळे जे स्पॅम ३ आणि ४ स्कोअरवर सुटून जायचं ते आता ५ च्या वर जातं. वेग आणि अचूकपणा दोन्ही एकाच दुरुस्तीत आलं.

बेझबद्दल, म्हणजे शिकवलेल्या मेलवरून स्पॅम ओळखणाऱ्या भागाबद्दल, मात्र माझी तक्रार आहे. २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल शिकवल्याशिवाय ते सुरू होत नाही हे ठीक आहे, पण जुने टोकन (शिकून साठवलेले शब्द) काढायचं काम ते मेल तपासता तपासताच मधेच सुरू करतं, फाइलला लॉक लागतो आणि तेवढा एखादा मेल उगाच लटकतो. ऑटो एक्स्पायर बंद करून रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) फोर्स एक्स्पायर लावलं तेव्हा ते थांबलं. बेझचा डेटा रेडिसमध्येही (मेमरीत चालणारा वेगवान डेटाबेस) ठेवता येतो, मोठ्या सर्व्हरला तेच बरं. एसए-कंपाइल या कमांडने रूल्स सी या वेगवान भाषेत बदलून घेता येतात, सीपीयूला थोडा हलकेपणा येतो, पण अपडेटनंतर ते दरवेळी परत चालवावं लागतं, आणि माझ्यासारखा प्रॉब्लेम असेल तर त्याने काही फरक पडणार नाही.

आरस्पॅमडी हा दुसरा स्पॅम फिल्टरसुद्धा दुसऱ्या एका सर्व्हरवर चालवतोय. सीमध्ये लिहिलेलं आहे, एकाच प्रोसेसमध्ये कितीतरी मेल एकदम हाताळतं, वाट बघताना अडकून बसत नाही, वेब इंटरफेस छान आहे. रोज लाखभर मेल असतील तर सरळ तेच घ्या. पण त्यालाही स्वतःचा रिझॉल्व्हर लागतोच, तिथे सार्वजनिक डीएनएस ठेवून गेलात तर याद्या तुम्हाला तिथेही उत्तर देणार नाहीत. शिवाय त्याच्यात स्कोअर ४ झाला की ग्रेलिस्टिंग डीफॉल्टनेच होतं, मेल थोड्या वेळाने परत पाठवा असं समोरच्याला सांगितलं जातं, तेव्हा ओटीपी उशिरा येतोय ही तक्रार तिथे वेगळ्या कारणाने येऊ शकते, ते आधी बघून ठेवा.

आमच्यासारख्या मध्यम सर्व्हरला स्पॅमअसॅसिन आजही मी बिनधास्त सुचवीन. रूल वाचता येतो, कुठल्या रूलने किती स्कोअर दिला ते हेडरमध्ये दिसतं, आणि एखादा चांगला मेल स्पॅममध्ये गेला तर माणसाला कारण सांगता येतं, हे माझ्यासाठी फार मोठं आहे. पाचपैकी चार स्टार. एक कापला तो डीफॉल्टसाठी, कारण रिझॉल्व्हर ब्लॉक झालाय हे इतकं महत्त्वाचं आहे की ते हेडरच्या कोपऱ्यात न टाकता सुरू होतानाच लॉगमध्ये ठळक सांगायला हवं होतं, माझे तीन आठवडे वाचले असते.