सोलापुरी कडक भाकरी आणि शेंगा चटणी: कॅलरीच्या हिशोबात कशी बसते ही जोडी?

सोलापुरातून परगावी निघालेल्या माणसाच्या पिशवीत चादर असो वा नसो, कडक भाकरीचा पुडा आणि पाव किलो शेंगा चटणी असतेच. आता वजन उतरवायला निघालेली मंडळीही हा पुडा आवर्जून घेतात. मैदा नाही, तळण नाही, भाकरी पापडासारखी पातळ. मग चार खाल्ल्या तरी काय बिघडतं, असा त्यांचा हिशोब असतो. पदार्थ खरोखर उत्तम आहे. हिशोब तेवढा चुकतो.

आधी भाकरी. चांगल्या पुड्यावर घटक म्हणून ज्वारीचं पीठ, मीठ आणि फार तर तीळ एवढंच लिहिलेलं असतं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, त्यामुळे गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ पहिलं आलं असेल, तर ती नावापुरतीच ज्वारीची भाकरी. मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं; त्या रब्बी ज्वारीची भाकरी पांढरट असते आणि चावताना गोडसर लागते.

घोळ होतो तो वजनात. ५० ग्रॅम पिठाची मऊ भाकरी तव्यावरून उतरते तेव्हा पाण्यासकट ७५ ते ८० ग्रॅम भरते. तीच कडक केली की जेमतेम ५० ग्रॅम उरते. उडालं ते पाणी. कॅलरी दोन्हींत तेवढ्याच, सुमारे १७०. म्हणून कडक भाकरीच्या पुड्यावर १०० ग्रॅमला ३५० च्या आसपास कॅलरी दिसल्या तर दचकू नये आणि हाताला हलकी लागते म्हणून फसूही नये. दर दुकानाची भाकरी वेगळ्या आकाराची असते. पुड्याचं निव्वळ वजन भाकऱ्यांच्या संख्येने भागावं आणि येईल त्या ग्रॅमला साडेतीनने गुणावं. ४० ग्रॅमची भाकरी असेल तर १४० कॅलरी. दोन खाल्ल्या की २८०, आणि एका जेवणाला तेवढ्या पुरतात.

आता चटणी. वजनाचा काटा खरा हलतो तो इथे. पाव किलो भाजलेले शेंगदाणे, त्यात लसूण, तिखट, जिरं आणि दोन लहान चमचे मीठ, असं प्रमाण धरलं तर १०० ग्रॅम चटणीत ५०० च्या आसपास कॅलरी भरतात. वरून तेल घातलेलं नसतं हे खरं, पण उखळात कुटताना दाण्याचं स्वतःचंच तेल सुटतं आणि चटणी बोटांना चिकटते. अस्सल सोलापुरी चटणीची ओळख तीच. तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, पिष्टाच्या (स्टार्चच्या) किंवा प्रथिनांच्या ग्रॅमला ४. दाणा एवढा जड का, ते यातच आलं. १५ ग्रॅम, म्हणजे पोह्यांचा एक भरलेला चमचा, घेतला तर ७५ कॅलरी. पण ताटाच्या कडेला हात सैल सोडून वाढलेली चटणी सहज ६० ग्रॅम होते: ३०० कॅलरी आणि जवळजवळ दोन ग्रॅम मीठ. दिवसभराची मिठाची मर्यादा ५ ग्रॅम आहे. त्या चटणीवर दोन लहान चमचे कच्चं तेल ओतलं की आणखी ९०. तीन भाकऱ्या, एवढी चटणी आणि तेल मिळून ८१० कॅलरी होतात, आणि ताटात भाजीचं पानसुद्धा नाही.

चटणीतल्या प्रथिनांचं कौतुक दुकानात पुष्कळ ऐकायला मिळतं. दाण्यात प्रथिनं आहेत, यात शंका नाही. पण लायसिन हे प्रथिनं ज्यांनी बनतात त्यांपैकी एक अमिनो आम्ल ज्वारीतही कमी आणि दाण्यातही कमी, त्यामुळे दोघं मिळून एकमेकांची उणीव भरून काढत नाहीत. ती भरते डाळीने, कडधान्याने, दह्याने. जुन्या ताटात भाकरीशेजारी पिठलं, मटकीची उसळ नाहीतर घट्ट दही असायचं, ते उगाच नव्हे. दोन कडक भाकऱ्या, एक चमचा चटणी, वाटीभर दही, ३० ग्रॅम मटकीची एका चमचा तेलातली उसळ आणि कांदा-काकडी-मुळा भरपूर: हे ताट साडेसहाशेच्या आत बसतं आणि प्रथिनं वीस ग्रॅमच्या वर जातात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २००० कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात भाज्या ४०० ग्रॅम आणि दाणे-तेलबिया ३५ ग्रॅम आहेत. नुसत्या भाकरी-चटणीवर जेवणाऱ्याचं नेमकं उलटं होतं.

खरेदी करताना चटणी कुटलेली घ्यावी. मिक्सरमधली एक तर कोरडी भुकटी होते, नाहीतर जास्त फिरवल्याने लगदा. झाकण उघडताच जुन्या तेलाचा वास आला तर ती खवट झाली, परत करावी. दाणे बुरशीचे असतील तर त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष भाजूनही पूर्ण जात नाही, म्हणून कडवट चव आली तर सरळ फेकून द्यावी. सोलापूरच्या उन्हाळ्यात चटणी काचेच्या बरणीत, फ्रीजमध्ये, आणि चमचा नेहमी कोरडा. चवीपुरती पाव किलो पुरे. स्वस्त पडते म्हणून किलोभर घेतली की हात सैल सुटतो.

भाकरीचा शत्रू ओल. पावसाळ्यात पुडा उघडा राहिला की ती सादळून चिवट होते. मंद तव्यावर दोन मिनिटं ठेवून फडक्याने दाबली की पुन्हा कडक होते. प्रवासात तळाशी चुरा साचतोच. तो ताकात भिजवून वर चिरलेला कांदा आणि अर्धा चमचा चटणी घालावी. पण तोही वजन करूनच, कारण वाटीभर चुऱ्यात अख्खी भाकरी कधी मुरली ते कळत नाही.