नेपाळची ‘व्हॉलंटिअर ट्रिप’: पैसे भरण्याआधी कंपनीचा कागद वाचा

दिवाळीच्या सुट्टीतल्या परदेशी ‘सेवा सहली’ची जाहिरात सध्या नवी मुंबईतल्या पालकांच्या ग्रुपवर फिरतेय, म्हणून लिहितेय. माझी मुलगी याच सहलीला नेपाळला जाऊन आली.

कंपनीचं ऑफिस वाशीत. योजना ऐकायला छान: काठमांडूजवळच्या शाळेत मुलांना शिकवायचं, शेवटी पोखरा, वर ‘आंतरराष्ट्रीय’ सर्टिफिकेट. पुढे परदेशात ॲडमिशनला उपयोग होतो म्हणे. माणशी ८५,००० रुपये. कॉलेजचे सर सोबत होते, त्यामुळे पालक निर्धास्त. सरांची सीट फुकट होती, हे मागाहून कळलं. ग्रुप टूरच्या धंद्यात ही रीतच आहे, बेकायदा काही नाही. पण मग सरांनी चौकशी कितपत केली असेल ते तुम्हीच ठरवा.

वेळापत्रकात शनिवारी ‘पूर्ण दिवस अध्यापन’ होतं. नेपाळात साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते! आणि आपल्या दिवाळीत तिथे तिहार. दसैंची, म्हणजे तिथल्या दसऱ्याची, मोठी सुट्टी संपते न संपते तोच हा सण, शाळा बंद. पोरं पोचली तर फाटकाला कुलूप. कंपनीच्या माणसाला हे ठाऊक नव्हतं यावर माझा काडीचा विश्वास नाही, कारण दुसरी सोय तयारच होती. मुलांना थेट एका बालगृहात नेलं.

तिथे काम काय, तर भिंत रंगवणं. पिवळ्या रंगाखालून आधीच्या ग्रुपची नावं आणि हातांचे ठसे स्पष्ट दिसत होते. म्हणजे दर ग्रुपला तीच भिंत. बालगृहातल्या मुलांना रांगेत उभं करून स्वागतगीत म्हणायला लावलं, फोटो झाले. त्यातल्या एका मुलाने माझ्या मुलीला सांगितलं, आईने भाइटीकेला, म्हणजे आपल्या भाऊबीजेला, घरी बोलावलंय, पण पाहुणे येणार म्हणून सोडलं नाही. माहितीपत्रकात ही सगळी मुलं ‘अनाथ’ होती. नेपाळमधल्या अशा संस्थांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, हे युनिसेफने कधीच सांगून ठेवलंय. पाहुणे पैसे देतात, म्हणून मुलं तिथे ठेवली जातात. माझी मुलगी अजून पैशांबद्दल एक शब्द बोलत नाही, त्या पोराबद्दलच बोलते.

आता बिल. ‘व्हिसा प्रोसेसिंग ६,५०० रुपये.’ भारतीयांना नेपाळला व्हिसा लागतच नाही; विमानाने जायला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. जाब विचारला तर काउंटरवरची मुलगी म्हणते, “मॅडम, तो व्हॉलंटिअर व्हिसा.” पासपोर्टवर शिक्का नाही, हातात कागद नाही. दुसरी ओळ टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने पैसे घेतानाच गोळा करायचा आयकर. परदेशी टूर पॅकेजवर हा कर कंपनीने घ्यायचाच असतो, पण तो आपल्या पॅनवर सरकारकडे जमा व्हावा लागतो आणि रिटर्न भरताना आपल्याला वळता करून मिळतो. माझ्या फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराच्या सरकारी उताऱ्यात, त्याचा पत्ताच नाही. कुठल्याही कंपनीकडे बुकिंग करताना टीसीएस कोणाच्या पॅनवर भरणार ते लिहून घ्या. टाळाटाळ झाली तर तिथूनच मागे फिरा.

पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात ‘वादाचे न्यायक्षेत्र फक्त दिल्ली’ असं होतं, आणि ते वाचून दोन पालकांनी नाद सोडला. सोडू नका. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. आपण कंपनीला भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फीसुद्धा नाही. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली तरी चालते. आम्ही काही पालक मिळून ठाण्याच्या जिल्हा आयोगात जातोय. तुमच्याही बिलात नेपाळच्या व्हिसाची ओळ असेल तर पावती, वेळापत्रक आणि व्हॉट्सॲपचे मेसेज डिलीट न करता इथेच कळवा, तक्रारीत नाव घालू.