एका साइटच्या दहा साइट केल्या आणि हातातली होती तीही गेली

ऑक्टोबर 2023 मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, मी 1,45,000 रुपये मोजून दहा वेबसाइट विकत घेतल्या. आज त्यातली एकही माझ्या नावावर नाही. त्याआधी तीन वर्षं राबून उभी केलेली माझी एक साइट होती, तीही माझ्याकडे राहिलेली नाही. अ‍ॅफिलिएटच्या कामात, म्हणजे साइटवरच्या लिंकवरून विक्री झाली की कमिशन मिळतं त्या कामात, नव्याने उतरणाऱ्या, विशेषतः घर सांभाळून हे काम करणाऱ्या बायकांना हे कळावं म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आमचं कराडला मिक्सर, घरघंटी, पाण्याच्या मोटारी दुरुस्तीचं दुकान आहे. 2020 च्या लॉकडाउनमध्ये शटर खाली होतं आणि गिऱ्हाइकांचे फोन मात्र चालू होते. तेव्हा मी मराठीत साइट सुरू केली. हे रात्री जेवताना सांगायचे, मी वहीत उतरवायचे आणि सकाळी टाइप करायचे. सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख होता ‘मिक्सर चालता चालता बंद पडला तर’. दहा मिनिटं थांबा, मग मिक्सर उलटा करा, तळाशी लाल बटण असतं ते दाबा. ओव्हरलोडमुळे बंद पडलेला मिक्सर एवढ्याने चालू होतो. हे म्हणाले, यामुळे चार गिऱ्हाइकं कमी येतील, पण लिही, खरं आहे ते. त्याच लेखाखाली वाटण जास्त असणाऱ्या घरात 500 वॅटऐवजी 750 वॅटचा मिक्सर का घ्यावा ते लिहिलं होतं आणि अ‍ॅमेझॉनची लिंक दिली होती.

तीन वर्षांत नव्वदेक लेख झाले. मिक्सर, घरघंटी, गिझर, इस्त्री, टाकीवरची मोटार, घरात लागणारं सगळं एकाच साइटवर. महिन्याला पाच-सहा हजार यायचे, 2022 च्या दिवाळीत चौदा हजार आले. माझ्यासाठी ही फार मोठी रक्कम होती.

आणि त्याच सुमारास मला वाटायला लागलं की आपण चुकीच्या पद्धतीने करतोय. जिकडे बघावं तिकडे एकच सल्ला: एक विषय, एक साइट. ‘निश’, म्हणजे एकच नेमका विषय, हा शब्द मी तेव्हाच शिकले. एका मोफत वेबिनारला बसले. सांगणारा मुलगा चांगला मराठी बोलणारा, प्रत्येकीला ‘ताई’ म्हणणारा. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. “ताई, एकाच विहिरीवर सगळं रान भिजवताय तुम्ही. उद्या पाणी आटलं तर? दहा ठिकाणी बोअर मारा. दोन कोरडे गेले तरी आठ चालतील.”

आम्ही शेतकऱ्याच्या घरातली माणसं. हे बोलणं सरळ आत गेलं.

त्या मुलाच्या कंपनीचं पॅकेज असं होतं: दहा विषयांच्या दहा तयार साइट, प्रत्येकीवर चाळीस लेख, सहा महिन्यांत प्रत्येक साइटला महिना आठ हजारांची ‘खात्री’. माझ्या जुन्या साइटवरचे लेख विषयवार या नव्या साइटवर वाटून द्यायचे, म्हणजे त्यांना सुरुवातीलाच बळ मिळेल. त्याने मोबाइलवर दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचा कमिशनचा रिपोर्ट दाखवला, 92,000 रुपयांचा. मी तो बघूनच पैसे भरले. नंतर माझ्या भाच्याने लॅपटॉपवर माझाच रिपोर्ट उघडला, ब्राउझरमध्ये ‘इन्स्पेक्ट’ वर जाऊन आकडा खोडला आणि नऊ लाख लिहिले. अर्धा मिनिटही लागला नाही. स्क्रीनशॉट हा पुरावाच नाही, हे मला त्या दिवशी कळलं. कोणी साइट विकत असेल तर सर्च कन्सोल आणि अ‍ॅनालिटिक्स ही वाचकांचा खरा हिशोब दाखवणारी गूगलची साधनं बघण्याची परवानगी आपल्या ईमेलवर मागायची. ती देता येते, दोन मिनिटांचं काम आहे. द्यायला जो कां-कू करतो त्याच्याशी व्यवहार करू नका.

माझी सगळ्यात मोठी चूक पैसे भरण्याची नव्हती. ती नोव्हेंबरमध्ये झाली. “ताई, सगळी डोमेन एका पॅनलमध्ये आणू, तुम्हाला सोपं जाईल,” म्हणून त्यांनी माझ्या जुन्या डोमेनच्या, म्हणजे साइटच्या नाव-पत्त्याच्या, ट्रान्सफरचा कोड मागितला. मेलमध्ये आलेला तो कोड मी स्वतः फोनवर एकेक अक्षर वाचून दाखवला. आमच्याकडे सातबारा दुसऱ्याच्या हातात देताना माणूस शंभरदा विचार करतो, आणि वेबसाइटचा सातबारा म्हणजे डोमेन. ते ज्याच्या खात्यात, ज्याच्या ईमेलवर, त्याची साइट. लेख कोणी लिहिले, फोटो कोणी काढले, याला तिथे काही किंमत नाही. नव्या दहाही डोमेनची नोंदणी त्यांच्याच खात्यातून झाली होती. पावतीवर ‘वेबसाइट सेवा’ एवढंच लिहिलं होतं, डोमेनचं नावसुद्धा नव्हतं. हे सगळं मी पैसे भरण्याआधी विचारायला हवं होतं.

मग लेखांची वाटणी झाली. जुन्या साइटवरून लेख काढले, नव्यांवर टाकले. एखादा लेख दुसऱ्या पत्त्यावर नेला तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं वळण, म्हणजे 301 रीडायरेक्ट, लावावं लागतं. घर बदललं की पोस्टात पत्ता बदलून देतो तसं. ते लावलंच नाही. तीन वर्षं वाचक ज्या लिंकवर येत होते तिथे ‘पान सापडत नाही’ दिसू लागलं. जानेवारी 2024 पर्यंत माझ्या साइटचे वाचक निम्म्याहून कमी झाले. त्यांचं उत्तर ठरलेलं: नव्या साइटना वेळ द्या.

नव्या साइटची नावं म्हणजे शोधायचे शब्दच एकापुढे एक जोडलेले. त्यांचं म्हणणं, नावातच शब्द असला की गूगल वर घेतं. केवळ नावाच्या जोरावर वर येणाऱ्या निकृष्ट साइट खाली ढकलणारा बदल गूगलने सप्टेंबर 2012 मध्येच केला होता. म्हणजे अकरा वर्षांपूर्वी मोडीत निघालेली गोष्ट मला नवी म्हणून विकली. आठवड्याला रिपोर्ट यायचा, ‘रोज 400 वाचक’. मी अ‍ॅनालिटिक्स उघडून बघायला शिकले तेव्हा दिसलं की वाचक पानावर सरासरी दोन सेकंद थांबतात आणि बहुतेक परदेशातून येतात. मराठीतला घरघंटीचा लेख दोन सेकंदांत कोण वाचेल?

विक्रीचं तर त्याहून वाईट. अ‍ॅमेझॉनच्या अ‍ॅफिलिएट नियमांत स्पष्ट आहे की स्वतःच्या लिंकवरून स्वतः किंवा घरच्यांनी खरेदी केलेली चालत नाही आणि कुणाला पैशाचं आमिष दाखवून खरेदी करवून घेता येत नाही. या लोकांनी एक ग्रुप काढला होता. माझ्या लिंकवरून वस्तू घेतली की 50 रुपये परत. मला याचा पत्ता नव्हता. मार्चमध्ये माझं खातं बंद झाल्याचं मेल आलं. जमा झालेले 11,340 रुपये गेले. त्यात अ‍ॅमेझॉनची चूक नाही. खातं माझं होतं, जबाबदारी माझीच होती. नव्या खात्याला 180 दिवसांत किमान तीन विक्री दाखवाव्या लागतात. ‘ती आम्ही करून देतो’ असं जे सांगतात, ते हेच करतात.

त्याच महिन्यात, 5 मार्च 2024 ला, गूगलने नवे नियम जाहीर केले. शोधात वर यावं एवढ्यासाठी घाऊक तयार केलेला मजकूर, मग तो यंत्राने लिहिलेला असो की माणसाने, स्पॅम धरला जाणार होता. माझ्या दहा साइटवरच्या लेखांपैकी माझे नव्वद सोडले तर बाकीचे नेमके तसेच होते. एप्रिल संपेपर्यंत दहाही साइट शोधात दिसेनाशा झाल्या आणि त्यांच्याबरोबर माझे नव्वदही गेले. मग त्या वेबिनारवाल्या मुलाचा फोन लागेनासा झाला.

पैशाचं दुःख आहेच. पण मला रडू आलं ते वेगळ्या दिवशी.

एप्रिलमध्ये मलकापूरहून एक आजी आणि त्यांची सून रिक्षात घालून घरघंटी घेऊन आल्या. मोटार नुसती घूं घूं करत होती, फिरत नव्हती. ह्यांनी दार उघडलं तर आत दळणाच्या जागी घट्ट पांढरा लगदा, जाळीची भोकं बुजलेली, पात्यांवर थर वाळून सिमेंटसारखा झालेला. भिजवलेले तांदूळ घातले होते. घरघंटी कोरड्या धान्यासाठी असते. भाजणीसुद्धा पूर्ण गार झाल्यावर घालायची, शेंगदाण्यांसारखं तेलकट काही घालायचं नाही, हे मी स्वतः लिहिलं होतं. सून म्हणाली, “वहिनी, तुमच्याच लेखात वाचलं.” तिने मोबाइल पुढे केला. साइट त्या दहांपैकी एक. वर माझं नाव, दुकानातला माझा फोटो. खाली लिहिलेलं: ‘भिजवलेले तांदूळ घरघंटीत सहज दळता येतात.’ त्याच पानावर एक अश्वशक्तीच्या जागी ‘एक घोडा शक्तीची मोटार’ असंही होतं. माझा लेख यंत्रात घालून शब्द फिरवले होते आणि त्याचे चार लेख केले होते. मोटार जळली नव्हती हे नशीब. ह्यांनी दोन तास बसून पाती खरवडली, जाळी नवी घातली, पैसे घेतले नाहीत. मी समोर उभी होते, मला मान वर करता येईना.

एक साइट की अनेक, हा प्रश्न मला अजूनही बायका विचारतात, म्हणून माझं मत सांगते. मिक्सर घ्यायला आलेली बाईच उद्या घरघंटीचं विचारते. एका लेखावरून ती दुसऱ्यावर जाते, ओळख तयार होते. अ‍ॅमेझॉनच्या लिंकवर टिचकी मारल्यापासून 24 तासांत तिने साडी घेतली तरी साडीच्या दराने कमिशन मिळतं, त्यामुळे विषय तोडून कमाई वाढते असंही नाही. उलट दहा डोमेनचं दरवर्षीचं नूतनीकरण, दहा ठिकाणी वर्डप्रेसचे, म्हणजे साइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे, अपडेट, दहा ठिकाणी हॅक होण्याची भीती. ज्याला एकाच गोष्टीचं खरं वेड आहे, समजा फक्त शाईची पेनं, त्याने त्या एकाच विषयाची छोटी साइट जरूर करावी, ती छानच होते. पण दहा वेडं एकाच माणसाला एकदम लागत नाहीत. दहा साइटमध्ये फायदा विकणाऱ्याचा होता, कारण तो नगावर पैसे घेत होता.

आता काय चाललंय ते. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन केला, पण पैसे भरून सहा महिने उलटले होते. तो क्रमांक पैसे गेल्या गेल्या लावायचा असतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली आहे. साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगातही अर्ज केला आहे. कंपनी दुसऱ्या शहरातली असली तरी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. समोरचा ‘हा धंद्यासाठीचा व्यवहार होता, तुम्ही ग्राहकच नाही’ असं म्हणेल, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली गोष्ट कायदा ‘व्यापारी हेतू’त धरत नाही. त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, बँकेचं विवरण, वेबिनारची जाहिरात, सगळं जपून ठेवा. माझ्याकडे जाहिरातीचा फोटो होता, तो आता कामाला येतोय.

नवी साइट सुरू केली आहे, डोमेन माझ्या ईमेलवर, माझ्या मोबाइलवर. भाच्याने वेबॅक मशीनमधून, म्हणजे साइटच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या संकेतस्थळावरून, माझे जुने एकसष्ट लेख शोधून दिले. बाकीचे वहीतून पुन्हा टाइप करते आहे.

घरघंटीचं ते चुकीचं पान मात्र अजून चालू आहे, माझ्या नावाफोटोसकट, आणि ते काढणं माझ्या हातात नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर ते फिरतं. तुमच्याकडे आलं तर पुढे पाठवू नका, आणि घरघंटीत ओले तांदूळ घालू नका.