चेक इंजिनचा दिवा आणि ब्लूटूथ स्कॅनर: काही महिन्यांच्या वापरानंतर

गाडीच्या संगणकात नोंदलेले बिघाड फोनवर दाखवणारा, काडेपेटीएवढा हा ओबीडी स्कॅनर दिवाळीच्या सुमारास घेतला, हजाराच्या आत. आता पावसाळा तोंडावर आलाय. घेण्याचं कारण एकच, आमच्या २०१६ च्या पेट्रोल सेडानचा चेक इंजिनचा दिवा. गॅरेजवाले स्कॅनर लावायचे, नोंदलेले बिघाडाचे कोड उडवायचे (म्हणजे पुसायचे), पैसे घ्यायचे. आठवड्याभरात दिवा परत हजर. शेवटी ‘ऑक्सिजन सेन्सर (इंजिनाच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा) गेलाय’ असं निदान मिळालं. सेन्सरची किंमत ऐकली आणि त्या रात्रीच हा मागवला.

जोडणं सोपं आहे. स्टेअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात हा खोचायचा आणि फोनवर टॉर्कसारखं अ‍ॅप घ्यायचं. आयफोनवाल्यांनी मात्र वायफाय किंवा बीएलईवालाच (कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथचा) घ्यावा, साध्या ब्लूटूथवाल्याशी त्यांचं जमत नाही. खोक्यावर आतल्या चिपचं नाव ‘ईएलएम३२७ व्हर्जन १.५’ असं रुबाबात छापलंय. मूळ चिप बनवणाऱ्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सने १.५ कधी काढलंच नव्हतं, म्हणजे माल नकली. पण चालतो.

कोड निघाला पी०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. एवढं गॅरेजमध्येही दिसलंच असणार. पण कोड फक्त लक्षण सांगतो, कुठला पार्ट गेलाय ते नाही. पैसे वसूल झाले ते फ्रीझ फ्रेममुळे. कोड नोंदवला जातो त्या क्षणाची इंजिनाची स्थिती ईसीयू (इंजिनाचा संगणक) जपून ठेवतो. माझ्या गाडीत वेग शून्य, आरपीएम सातशेच्या आसपास, इंजिन पूर्ण गरम. म्हणजे भानगड सिग्नलला उभं असतानाची. कर्वे रोडने रोज ये-जा करणाऱ्याला अशा क्षणांची काय कमतरता!

मग लाइव्ह डेटात फ्युएल ट्रिम पाहिलं. ईसीयू ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतोय, ते हा आकडा सांगतो. उभ्या गाडीत लाँग टर्म ट्रिम (ईसीयूने हळूहळू शिकलेला आकडा) +१८ टक्क्यांच्या पुढे, आणि अडीच हजार आरपीएमला नेलं की चार-पाचवर. इथेच उत्तर होतं. आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जवळजवळ बंद असतो, इंजिन मुळात थोडीच हवा घेतं आणि आत ओढ सगळ्यात जास्त असते. त्यामुळे एखाद्या फटीतून शिरलेली चोरटी हवा तेव्हा मोठा हिस्सा ठरते; आरपीएम वाढला की तीच हवा एकूण हवेत नगण्य होते. पेट्रोलचा दाब कमी असता तर उलटं झालं असतं, रेटल्यावर आकडा चढला असता. पुढचा ऑक्सिजन सेन्सर तर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये झपाझप वर-खाली होत होता. मेलेला सेन्सर असा नाचत नाही. (हे हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरच्या गाड्यांचं. इनटेकमधला दाब मोजणाऱ्या एमएपीवाल्या गाडीत अशी फट बऱ्याचदा नुसता आयडल चढवते.)

स्क्रीनशॉट घेऊन वारज्यातल्या एका छोट्या गॅरेजमध्ये गेलो. मेकॅनिकने ते पाहिले आणि म्हणाला, “साहेब, कुठूनतरी हवा खेचतीये.” इंजिन चालू ठेवून त्याने होजांवर कार्ब क्लीनरचा हलका फवारा मारत नेला. इंजिनातली वाफ परत आत नेणाऱ्या पीसीव्ही होजच्या कोपरापाशी आयडलिंग लगेच बदललं. खालच्या बाजूने रबर तडकलं होतं, वरून काही दिसत नव्हतं. हा फवारा घरी मारू नका, गरम इंजिनावर पेट घेऊ शकतो. होज नाना पेठेत मिळाला, सेन्सरच्या तुलनेत फुकटच म्हणायचा. तेव्हापासून ट्रिम दोन-तीनवर आहे आणि दिवा बंद.

कोड उडवूनही दिवा परत का यायचा, तेही कळलं. असे बरेच कोड आधी ‘पेंडिंग’ राहतात. दोष लागोपाठ दोन ड्राइव्ह सायकलमध्ये (गाडी सुरू करून, चालवून बंद केली की एक) दिसला तरच दिवा लागतो. वर कोड उडवला की शिकलेलं ट्रिमही बहुधा शून्यावर जातं आणि ईसीयू पुन्हा पहिलीपासून शिकतो. तोवर गाडी ‘बरी’ झालेली असते, बिलही भरून झालेलं असतं. उडवल्यावर फ्रीझ फ्रेमही पुसली जाते, म्हणून आधी स्क्रीनशॉट.

सोसायटीतल्या एका काकांच्या गाडीचा दिवा लुकलुकत होता. लुकलुकणारा दिवा म्हणजे जोरदार मिसफायर, सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळणं. तशीच दामटली तर न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो भाजून निघतो. कोड होता पी०३०२, दुसरा सिलिंडर. दुसऱ्याची ठिणगी देणारी कॉइल तिसऱ्यावर लावली, तर कोड पी०३०३ झाला. कॉइलच गेली होती. काकांनी चहा पाजला आणि स्कॅनर ‘दोन दिवसांसाठी’ नेला. ते दोन दिवस बरेच लांबले.

उणिवाही आहेत. सॉकेटच्या सोळाव्या पिनेत बॅटरीचा करंट कायम असतो, त्यामुळे गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर हा काढून ठेवावा. ब्लूटूथ अधूनमधून तुटतं, लाइव्ह डेटात पाच-सहा आकडे एकदम लावले की रखडतं. एबीएस आणि एअरबॅगचे दिवे माझ्या गाडीत याला वाचता येत नाहीत. त्यासाठी गॅरेजमधला मोठा स्कॅनरच लागतो.